देवाची रात्रपाळी

अगं, परवा फोनवर तू बोललीस ते काही केल्या डोक्यातून जाईना. "ताई, जो येतो तो म्हणतो देवानं वाचवलं. पोर नळ्या लावून काचेच्या पेटीत पडली होती तेव्हा देव कुठे होता? वाचवलं ते डॉक्टरांनी." एवढं म्हणालीस आणि लगेच आवाज खाली आणलास, कारण सासूबाई स्वयंपाकघरात. त्यांचं म्हणणं शेगावच्या महाराजांनी वाचवलं, पोथीचं पारायण चालू होतं ना त्यांचं. तुझं म्हणणं औषधांनी. आणि जावईबापू दोघींच्या मधे उभे राहून दोघींनाही मान डोलावताहेत. हे काही फोनवर मिटण्यातलं नव्हतं, त्यात पोर उठली. म्हणून लिहायला बसले. रात्री पाजताना एका हातात मोबाईल धरून वाच. तुकड्यातुकड्यानं वाचलंस तरी चालेल.

आधी माझं सांगते, म्हणजे ताई कीर्तनाला उभी राहिली असं वाटायला नको. मी मोठी भाविक वगैरे नाही, तुला माहीत आहे. संकष्टी धरते ती आई धरायची म्हणून, आणि साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणूनही. नवस बोलायला माझी जीभ वळत नाही, देवाशी घासाघीस केल्यासारखं वाटतं. पण तू जे विचारलंस, देव कुठे होता, त्याचं उत्तर त्या दवाखान्यात मला दिसलं असं मला मनापासून वाटतं. तू वरच्या मजल्यावर टाके सांभाळत पडली होतीस. खाली एनआयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर मी होते. तुला न दिसलेलं पुष्कळ मी पाहिलंय, आणि ते सांगायचं राहूनच गेलंय.

दुधापासून सुरू करते.

तुला पहिले काही दिवस दूधच आलं नाही. वेळेआधी बाळंत झालं की पुष्कळींचं असं होतं, त्यात सिझेरियन, त्यात काळजी. तू वर रडत होतीस, मी कसली आई म्हणून. आणि खाली तुझ्या लेकीच्या नाकातल्या नळीतून थेंब थेंब दूध जातच होतं. ते कोणाचं, विचारलंस कधी? सिस्टर कागद घेऊन आली सहीला. दूधपेढीतलं दूध द्यायचं का, म्हणून. एवढ्याशा आतड्यांना पावडरचं दूध सोसत नाही, सूज येते, कधी जिवावर बेततं, असं तिनं नीट समजावून सांगितलं. जावईबापूंनी पेन काढलं. तेवढ्यात तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "पण कोणाचं दूध? कुठली कोण बाई असेल." 'कुठली कोण' म्हणजे त्यांना काय विचारायचं होतं ते सिस्टरलाही कळलं आणि मलाही. सिस्टर वाकडं काही बोलली नाही. म्हणाली, "आजी, एकीचं नसतंच ते. चौघी-पाचजणींचं एकत्र करतात." मिटलं! आता त्यातून जात कशी निवडणार? सही झाली.

(सासूबाईंना मी नावं ठेवत नाही हं. त्यांच्याबद्दल पुढे लिहिणार आहे, ते वाचल्याशिवाय त्यांच्याशी भांडू नकोस.)

बसून बसून कंटाळा आला होता, म्हणून मी त्या दूधपेढीचं दार ठोठावलं. आत एक बाई पांढरा कोट घालून स्टीलच्या भांड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिनं सगळं सांगितलं. दूध देणाऱ्या आईचं रक्त तपासतात, एचआयव्ही, कावीळ वगैरे काही नाही ना बघतात, तिची परवानगी घेतात. तिच्या स्वतःच्या बाळाचं पोट भरून उरेल तेवढंच घेतात. मग ते साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवायचं, लगेच गार करायचं, जंतू राहिले नाहीत ना ते तपासायचं, आणि उणे वीस अंशांवर गोठवून ठेवायचं. आपल्याकडे अशी पहिली पेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी केली. नुसती भारतातली पहिली नव्हे, आशियातली पहिली. महापालिकेचं रुग्णालय, धारावीच्या शेजारचं. दूध देणाऱ्या तिथल्या बाया कोण असणार, तू विचार कर. ज्यांच्या स्वतःच्या ताटात काय असतं कोण जाणे, अशा.

तर तुझ्या लेकीच्या अंगात चौघी-पाचजणींचं दूध आहे. त्या कोण, हे तुला कधी कळायचं नाही. पोर जगली का, कशी दिसते, हे त्यांनाही कळायचं नाही. कोणी आभार मानले नाहीत, कोणी फोटो काढला नाही. एका हातानं दिलं, दुसऱ्या टोकाला कोणीतरी जगलं, आणि मधे नावच नाही. देव काम करतो म्हणतात ते याहून वेगळं कसं असेल, मला सांग.

आता जड आहे ते सांगते. वाचवत नसेल तर मोबाईल खाली ठेव आणि उद्या वाच.

बाकड्यावर माझ्या शेजारी एक बाई बसायची. तालुक्याच्या कुठल्यातरी गावची, हिरव्या चुड्यातली, जेमतेम विशीची. तिचा मुलगा तुझ्या लेकीच्या पलीकडच्या पेटीत होता. आम्ही दोघी डबा वाटून खायचो. एक दिवस पहाटे तिला आत बोलावलं आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नुसतं दुपटं होतं. दोन दिवसांनी बघते तर ती पुन्हा दवाखान्यात, सासू बरोबर. मला वाटलं कागदपत्रं न्यायला आली असेल. तर ती दूधपेढीच्या दाराशी. म्हणाली, "छाती दगडासारखी झालीय ताई. थांबतच नाही. मोरीत पिळायला गेले तर हात उचलला नाही." आत गेली, देऊन आली, एसटीच्या वेळेला निघून गेली. पदर पुढून ओला झालेला होता, तो दुसऱ्या बाजूनं घेतला तिनं.

तिच्या बाळाच्या वेळी देव कुठे होता, हे मला विचारू नकोस. मला माहीत नाही. ज्यांना ते माहीत असतं, 'त्याची इच्छा', 'मागच्या जन्मीचं', असं जे पटकन म्हणू शकतात, त्यांच्या शेजारी मला बसवत नाही. तुझी वाचली म्हणून देव आहे आणि तिचा गेला म्हणून नाही, असा हिशेब मी मांडणार नाही. तूही मांडू नकोस, कारण तो हिशेब मांडला की तुझ्या प्रत्येक आनंदाच्या बाजूला ती बाई उभी राहील. मी एवढंच बघितलं की सगळ्यात जास्त ज्या बाईनं देवाला शिव्या द्यायच्या, तिच्याच हातून दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात दूध पडलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुण्य मिळेल म्हणूनही आली नव्हती ती. मोरीत पिळवेना, एवढंच.

तू म्हणशील, ताई, ही सगळी माणसं झाली. देव कुठे आला यात? अगं, आपल्याकडे देव येतो तो असाच येतो की! आजीची ती जाड अक्षरांतली 'भक्तविजया'ची पोथी आठव, महिपतींनी १७६२ साली पुरी केलेली. दुपारी आपण तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचो आणि तू नेहमी दामाजीपंतांपर्यंत झोपलेली असायचीस. दुष्काळ पडला, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली, बेदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायला माणसं धाडली. तेव्हा पंढरीचा राणा काय करतो? रूप घेतो विठू महाराचं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दरबारात जाऊन धान्याचे पैसे मोजतो आणि पावती मागून घेतो. पावती! मला लहानपणीही ते फार आवडायचं. पैठणला नाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन येतो आणि बारा वर्षं कावडीनं पाणी भरतो, चंदन उगाळतो. तो रांजण अजून दाखवतात. सेना न्हाव्याला पूजेत उशीर झाला तर त्याची धोकटी घेऊन राजाची हजामत करायला हा जातो. जनाबाई तर नामदेवांच्या घरची मोलकरीण. तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं आहे, आपण आईबरोबर गेलो होतो तेव्हा तू त्याचा खुंटा धरून बसली होतीस.

हे असंच्या असं घडलं का, यावर मी पैज लावणार नाही. पण ज्या लोकांनी या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या, त्यांना देवाकडून काय हवं होतं ते बघ ना. समुद्र दुभंगत नाही, वीज पडत नाही. पाणी भरणं, दळण, हजामत, थकलेली बाकी चुकती करणं. रोजची, कोणालातरी करावीच लागणारी, आणि जे करतात त्यांना कोणी विचारत नाही अशी कामं. आणि काम चालू असताना देवाला कोणीच ओळखत नाही. नाथांसारखे नाथ, पण घरात पाणी कोण भरतंय हे बारा वर्षं त्यांनाही कळलं नाही. कळलं ते तो गेल्यावर.

एक खंत मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. देवानं महाराचं रूप घेतलं हे ऐकून ज्यांनी डोळे पुसले, त्यांनीच खऱ्या महाराला देवळाच्या पायरीशी थांबवलं. चोखोबांची समाधी आहे ना, ती महाद्वारापाशी, बाहेर. शेकडो वर्षं त्यांच्या माणसांना आत जाता आलं नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठे विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं. गोष्टीतल्या माणसात देव दिसणं सोपं असतं गं. समोर चिखलाच्या पायांनी उभा असला की आपण त्याला थांबायला सांगतो.

म्हणून तुला रात्रपाळीच्या मावशींबद्दल विचारायचं होतं. नाव ठाऊक आहे तुला त्यांचं? तीन आठवडे तुझं सगळं केलं त्यांनी. बेडपॅन, साडी बदलणं, केस विंचरणं. दिवसा भेटीच्या वेळा ठरलेल्या, म्हणून रात्री पाळी जरा निवांत झाली की सिस्टरला विचारून तुला चाकाच्या खुर्चीत घालून खाली आणणाऱ्या त्याच. तुझ्या ब्लाऊजची बटणं सोडून, पोरीला टोपी-मोजे आणि लंगोट एवढ्यावरच तुझ्या दोन्ही छात्यांच्या मधे उभी ठेवून, वरून जुन्या मऊ लुगड्याची पट्टी बांधली ती त्यांनीच. सिस्टर सांगत होती, हात त्यांचे चालत होते. तू थरथरत होतीस, निसटेल म्हणून. त्या म्हणाल्या, "निसटत नाही. बेडकावानी बसवलीया बघा. आता तुमी फकस्त श्वास घ्या." तासाभरानं तुझ्या लेकीच्या पायाचे तळवे गुलाबी झाले. मी काचेतून बघत होते.

ही रीत कुठली माहितीये? दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात, बोगोटा शहरातल्या एका रुग्णालयात काचपेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत दोन दोन बाळं, संसर्ग होऊन मरायची. तेव्हा १९७८ साली तिथले डॉक्टर एडगर रे यांनी आयांनाच पेटी केलं. छातीशी बांधायचं, आईची ऊब, आईचं दूध. आज ती पद्धत जगभर आहे. म्हणजे बघ, तू वर पडून 'मी काही करू शकत नाही' म्हणून रडत होतीस, आणि रात्री तीन वाजता तूच ते यंत्र होतीस. देव ज्यांच्यातून काम करत होता त्यांच्या यादीत मी तुलाही धरलंय. हे तुला पटणार नाही, तू लहानपणापासून अशीच, शाबासकी दिली की मागे वळून बघायचीस, कोणाला देताहेत म्हणून.

डॉक्टरांना वगळत नाही मी. त्यांचं शिक्षण, त्यांचं जागरण, सगळं खरं. त्यांना तू पेढे दिलेस, पाया पडलीस, ते ठीकच केलंस. आता माझा सल्ला मावशींबद्दल आहे आणि तो जरा कडू आहे. "तुम्ही देवमाणूस आहात हो" असं म्हणून मोकळी होऊ नकोस. आपण बायका या बाबतीत फार पक्क्या. देवमाणूस म्हटलं की पगार विचारायला नको, सुट्टी विचारायला नको. देवाला कुठे गुडघेदुखी असते? त्या मावशी ठेकेदाराकडे आहेत. पगार महिनामहिना लांबतो. हे त्यांनी रडून सांगितलं नाही, मी चहा आणायला निघाले तर "माझा नको, चारलाच घेतला" म्हणाल्या आणि घेतला नव्हता, त्यावरून विषय निघाला. तेव्हा पाया पड हवं तर, पण पाकीटही दे, आणि चारचौघांत बक्षीस दिल्यासारखं नको, बाजूला घेऊन, नीट.

तीच गोष्ट तुझ्या आशाताईंची. परवा कुरकुरत होतीस, सारख्या येतात, दुपारची झोपमोड होते. अगं, दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत सहा वेळा जायचं हे त्यांचं ठरलेलं काम आहे. वजन करायचं, अंग गार पडतंय का, दूध ओढतंय का, बेंबी पिकली नाही ना, बघायचं. हे आलं कुठून? गडचिरोलीतून. राणी आणि अभय बंग या डॉक्टर नवराबायकोनं तिथल्या खेड्यांतल्या पाच ते दहा यत्ता शिकलेल्या बायांना तयार केलं. त्यांना नाव दिलं आरोग्यदूत. १९९५ पासून एकोणचाळीस गावांत त्या घरोघर जायला लागल्या. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खूप खाली आले, शेकडा साठाच्या आसपास घट. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं तेव्हा मोठमोठ्यांचे डोळे उघडले. पुढे २०११ मध्ये सरकारनं ते काम देशभरातल्या आशा स्वयंसेविकांकडे दिलं. एका बाळामागे सगळ्या फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये ठरले. अडीचशे! आणि मानधन वाढवून मागायला त्यांना संप करावे लागतात, आझाद मैदानात बसावं लागतं. तेव्हा दुपारी बेल वाजली की तोंड वाकडं करू नकोस. पंखा लाव, पाणी दे, बसायला खुर्ची दे. दारात उभं राहून वजन करायला लावू नकोस.

आता सासूबाई. राग गिळून वाच.

ती 'कुठली कोण'वाली गोष्ट झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या डबा आणायच्या ना आपल्याला, त्यात भाकरी जास्त यायला लागल्या. आधी मला वाटलं अंदाज चुकला. मग बघितलं, तर त्या बाकड्यावरच्या हिरव्या चुड्यातल्या पोरीसमोर त्या स्वतः डबा उघडायच्या. "खा गं, तुला दूध यायला हवं." तिचं गाव, नाव, आडनाव, काही विचारलं नाही. आणि ज्या पहाटे तिचं बाळ गेलं, तेव्हा तिला धरून बसल्या त्या तुझ्या सासूबाई. तिची सासू अजून यायची होती. दोन तास धरून बसल्या, पारायणाची वेळ टळली, आंघोळ नाही, पूजा नाही. घरी येऊन तुला एक अक्षर बोलल्या नाहीत, कारण तू बाळंतीण. तुझ्या कानावर ते जाऊ नये म्हणून मलाही दटावलं. मी आज मोडतेय ते.

त्या 'महाराजांनी वाचवलं' म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं, ते त्यांनाच विचार एकदा. मला वाटतं त्यांना डॉक्टरांना कमी लेखायचं नसतंच. त्या रात्रींना कोणाचं तरी नाव द्यावं लागतं, त्यांच्याजवळ ते एक नाव आहे, झालं. आणि तुझं म्हणणं 'डॉक्टरांनी वाचवलं', त्यातही मावशी नाहीत, दूध देणाऱ्या नाहीत, भाकरी नाही. दोघींच्याही वाक्यात एकेकच कर्ता, म्हणून भांडण. त्यात वाढव की माणसं. त्यांना जाऊन म्हण, "महाराजांनी कोणाकोणाला पाठवलं ते मोजूया का?" हसतील बघ. नाही हसल्या तर मला फोन कर.

तुझ्या स्वभावातली एक अडचण मात्र मला माहीत आहे. तुला घेता येत नाही. कोणी काही केलं की तुला लगेच फेडायचं असतं, नाहीतर ओझं वाटतं. शेजारच्या काकूंनी खीर दिली तर वाटी रिकामी परत जायची नाही, आईचंच वळण. मी एकदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालले होते. पुण्यात रस्त्याच्या कडेला नाभिक मंडळी वारकऱ्यांची फुकट दाढी करून देतात, चांभार चपला शिवून देतात, कोणी पाय चेपून देतं. एक म्हातारे वारकरी खुर्चीत बसले होते, एक कॉलेजातला मुलगा त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळत होता. मला वाटलं हे आता 'नको नको, कशाला' म्हणतील. छे. डोळे मिटून निवांत. झाल्यावर उठले आणि त्या मुलाच्या पाया पडले. मुलगा त्यांच्या पडला. संपलं, दोघंही आपापल्या वाटेला. ना 'उपकार झाले', ना 'त्यात काय एवढं'. मला ते जमत नाही अजून, तुला तर नाहीच. पण त्या चौघी-पाचजणींचं दूध तुला फेडता यायचं नाही, कोणाचं ते ठाऊकच नाही. घ्यावंच लागणार.

हां, आता तुला भरपूर दूध येतंय आणि सकाळी छाती भरून दुखते म्हणालीस, तर डॉक्टरांना विचारून दूधपेढीत जाऊन ये. लेकीचं भागून उरत असेल तरच, आणि तुझं हिमोग्लोबिन बघून. ते लोक तपासणी करतीलच. फेड म्हणून नको, परतफेडीचा हिशेब डोक्यात घेऊन तर अजिबात नको. मोरीत पिळण्यापेक्षा बरं, म्हणून.

पुण्यकर्म वगैरे करायला मात्र एवढ्यात निघू नकोस. तुला ओळखते मी, आता वाचून उद्या दहा जणींची मदत करायला बाहेर पडशील, आणि मग आठवड्यानं थकून कोणीच कसं कदर करत नाही म्हणून मलाच फोन करशील. लोकांसाठी खपणारी काही माणसं मी अशी बघितलीत की त्यांच्या घरात पाऊल टाकायला भीती वाटते, सारखी सांगत असतात कोणासाठी काय केलं. गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरले, धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांना आलेले गरीब लोक तिथे अजून राहतात. आणि एवढं उभं करून स्वतः राहायचे ते उघड्यावर, मडक्याचा तुकडा आणि खराटा एवढीच मालमत्ता. तसं तुला-मला जमणार नाही, आपल्याला घरं आहेत. पण गाव झाडून झालं की बाबा पुढच्या गावाला निघायचे, तेवढं उचलण्यासारखं आहे.

आणि बारशाचं बोलणं राहिलं. पाळण्याला फुलं, माईक, हॉल, ते जावईबापू बघतील. मावशींना मात्र बोलवायचंच, आणि बोलावून मागच्या रांगेत बसवायचं नाही. पाळण्याच्या दोरीला त्यांचा हात लागला पाहिजे, गोविंद घ्या, गोपाळ घ्या त्यांनीही म्हटलं पाहिजे. हे सासूबाईंना मी सांगत नाही, तू सांग. मला वाटतं त्याच पुढे होऊन त्यांना हळदकुंकू लावतील. साडी घेशील ती नेसण्याजोगी घे, देण्याघेण्यातली नको. आणि मुहूर्त गुरुजी सकाळी दहाचा काढतील, तो संध्याकाळी ढकलता आला तर बघ. रात्रपाळी करून सकाळी आठला सुटतात त्या, घरी जाऊन पाणी भरून आडव्या होईपर्यंत अकरा वाजतात. पाच-साडेपाचनंतर काहीही चालेल, पाळीला निघायच्या आत त्यांना जेवून जाता आलं पाहिजे.